गोष्ट कुणासमोर सांगायची?

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळमध्ये ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यामुळे तेव्हा महाराष्ट्रभर रान उठलं होतं, कित्येक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली होती, आणि त्या गदारोळात राजूरच्या या अंगणवाडी मदतनीस बाईंना उद्घाटक म्हणून बोलावलं गेलं. त्यांच्या शेतकरी नवऱ्याने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये त्यांच्या भाषणाला मोठी जागा मिळाली. मला मात्र त्या बातम्यांमधला एक छोटा तपशील आजही जास्त महत्त्वाचा वाटतो. मंच त्यांना नवा नव्हता. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या. शेतकरी गेल्यावर मागे राहिलेल्या बाईचं ते नाटक, आणि ते उभं करणाऱ्यांमध्ये खुद्द अशाच बायका होत्या.

संमेलनात त्यांच्यासमोर लेखक, वाचक, पुढारी आणि कॅमेरे होते. नाटकात त्यांच्यासमोर कधी शहरातलं सभागृह असे, कधी आसपासचा मुलूख. पण ज्या गावात नवऱ्याच्या तेराव्याला पंगत बसते, दीर शेताचा बांध दाखवून जातो आणि बचत गटाच्या बैठकीत विधवेची सतरंजी आपोआप मागे सरकते, तो गाव समोर असेल तर? तीच गोष्ट तिथे निराळं काम करते. स्वतःचं जगणं मंचावर सांगण्याबद्दल हल्ली बरंच बोललं जातं, पण त्यातला बहुतेक विचार सांगणाऱ्याभोवती फिरतो: त्याचं धैर्य, त्याचं मोकळं होणं, त्याची जखम भरून येणं. मला वाटतं, अर्धा प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. समोर कोण बसलंय आणि उद्या सकाळी त्याचा सांगणाऱ्याशी काय संबंध असणार आहे, यावर त्या गोष्टीचं काय होणार ते ठरतं.

शहरांमध्ये खऱ्या गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम आता चांगलेच रुळले आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली जॉर्ज डॉस ग्रीन या कादंबरीकाराने ‘द मॉथ’ सुरू केलं. त्याचे नियम साधे आहेत. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी, हातात कागद नको. हाच साचा पुढे जगभर गेला, मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये आणि छोट्या नाट्यगृहांमध्येही आला. तिथे येणारी तरुण मुलं ज्या मोकळेपणाने बोलतात, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. आईचं आजारपण, नोकरी गेलेली असतानाचे दिवस, आपण कुणावर प्रेम करतो हे घरी सांगता न येणं, असं सगळं ती बोलतात. पण ते शक्य होतं कारण समोरचे लोक अनोळखी असतात. रात्रीच्या रेल्वेत समोरच्या बर्थवरच्या परक्या माणसाला आपण घरात कधी न बोललेलं सांगून टाकतो, त्यातला हा प्रकार आहे. सांगणाऱ्याचं ओझं हलकं होतं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि दोघं आपापल्या स्टेशनावर उतरतात. हेही माणसाला हवं असतं. फक्त यातून कुणावर काही बांधिलकी येत नाही. ज्या आईला सांगायचं होतं, ती त्या कॅफेत नसते.

सगळ्यात अवघड श्रोता सगळ्यात जवळचा असतो. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं आणि वर्षानुवर्षं घरच्या माणसांच्या नजरेपासून लपवून ठेवलं. पुढे ते ‘स्त्री’ मासिकातून छापलं गेलं, १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं, जगभर त्याचा अभ्यास झाला. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकासमोर ते जीवन उघडं करणं एका अर्थी सोपं होतं. ते लिहिलं गेलं त्या घरात मात्र ते कागद दडवावे लागले. दलित आत्मकथनांच्या वाटचालीतला हा ताण आपण पुरेसा लक्षात घेतलेला नाही. पांढरपेशा वाचकाने पानं उलटताना हळहळ व्यक्त केली आणि लेखकाच्या स्वतःच्या माणसांपैकी काहींनी विचारलं, आपलं हे चारचौघांत कशाला मांडलंस? दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या होत्या. दुसरीत राग होता आणि तो समजण्यासारखा होता, कारण ती माणसं त्या गोष्टीत राहत होती.

गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितल्याने तिचं काय होतं, याचं एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिथे सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. १९९६ पासून गावोगावच्या सभागृहांत त्याच्या जाहीर सुनावण्या झाल्या. छळ सोसलेली माणसं आणि मारल्या गेलेल्यांचे आईबाप माईकसमोर बसून बोलले. त्याच सुमारास खुलुमानी या पीडितांच्या गटातल्या तिघांनी आपापली हकीगत रंगमंचावर सांगायला सुरुवात केली. त्यांपैकी एक दूमा खुमालो, ‘शार्पव्हिल सिक्स’ खटल्यातले, फाशीच्या कोठडीत वर्षं काढलेले. चित्रकार आणि दिग्दर्शक विल्यम केंट्रिज यांनी त्या प्रयोगाबद्दल एक निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे. बोलता बोलता खुमालो पुढचं वाक्य विसरले, अडखळले, आणि केंट्रिज यांना तोच क्षण सर्वांत हलवून गेला. स्वतःवर गुदरलेलं माणूस विसरेल कसं? पण प्रयोगामागून प्रयोग करताना आठवणीची संहिता झालेली असते. आठवण विसरता येत नाही, संहिता विसरता येते.

हे वाचल्यापासून ‘सांगितलं की बरं वाटतं’ या सरसकट विश्वासाकडे मी सावधपणे पाहतो. पहिल्यांदा सांगताना बरं वाटत असेलही. दहाव्यांदा, विसाव्यांदा, दर वेळी नव्या पाहुण्यांसमोर, त्याच ठिकाणी आवाज भरून येईल अशा बेताने सांगावं लागलं, तर ते काम होतं, आणि काम म्हणूनच त्याकडे बघायला हवं. त्याचं मानधन हवं, त्यातून सुट्टी हवी, नको झालं की थांबता यायला हवं. विदर्भात पाहणी करायला, बातमी करायला, प्रबंध लिहायला, लघुपट काढायला आलेल्या किती जणांना एकाच बाईने आपल्या नवऱ्याची शेवटची सकाळ सांगितली असेल, याचा विचार करून पाहा. प्रत्येक जण हळुवारपणे विचारतो. प्रत्येक जण निघून जातो.

आणि सरकारही गोष्ट मागतंच. आत्महत्येनंतर मदत मिळते ती १ लाख रुपयांची. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. नापिकी होती का, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे कागदांवरून पाहिलं जातं. शेत बापाच्या नावावर आणि कसणारा मुलगा. कर्ज नात्यातल्या कुणाकडून हातउसनं. खताच्या दुकानदाराची उधारी फक्त त्याच्या वहीत. अशा घरातल्या बाईची गोष्ट खरी असूनही फायलीत बसत नाही. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, थकबाकीची नोटीस एवढ्या कागदांत जे मावतं तेवढंच सांगायचं, बाकीचं गिळायचं. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची हकीगत कुण्या परक्या माणसाला सविस्तर सांगितली ती बहुधा या चौकशीत, आणि तिथेच तिला शिकवलं गेलं की तिच्या जगण्यातलं काय मोजलं जातं आणि काय नाही.

म्हणून गावातल्या समूहासमोर, स्वतःच्या रीतीने सांगता येईल अशी जागा हवी. अशी जागा आपल्याकडे कधी नव्हतीच असंही नाही. पहाटेच्या अंधारात दोघी जात्यावर समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओवी उचलायची, दुसरीने तिला साथ द्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, मार आहे, सवत आहे, सीतेचा वनवास आहे, बाबासाहेब आहेत. मला त्यातली योजना विलक्षण वाटते. ओवीतली ‘मी’ कुणा एकीची नसते. आजीकडून आलेल्या ओळीत आपलं नाव घालायचं, शेवट थोडा बदलायचा, की ती आपली झाली. सासूच्या जाचाची ओवी गाणाऱ्या सुनेला कुणी जाब विचारू शकत नाही, कारण ती तर जुनीच ओवी म्हणत होती. आणि सासू भिंतीपलीकडे जागी असते. तिला सगळं ऐकू येतं, समजतं, पण ओवीशी भांडता येत नाही. ज्याच्याबद्दल आहे त्याच्या कानावर जाईल आणि गाणारीच्या अंगावर येणार नाही, अशी ही रचना कुण्या नाट्यशास्त्रज्ञाने नाही, दळणाऱ्या बायकांनी तयार केली. पिठाच्या गिरण्या आल्या, कष्ट वाचले, फार चांगलं झालं. ती रोजची पहाटेची बैठकही तेव्हाच मोडली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

जात्यावरचा तो आडोसा नव्या काळात कसा उभा करावा, याचं एक उत्तर मला प्लेबॅक थिएटरमध्ये दिसतं. जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यात ते सुरू केलं. फॉक्स तरुणपणी नेपाळमध्ये राहून आलेले. खेड्यातला सामूहिक सोहळा, तोंडी परंपरा यांचा त्यांच्यावर परिणाम होता. आता ते अनेक देशांत चालतं, भारतातही त्याचे गट आहेत. मंचाच्या एका बाजूला दोन खुर्च्या. एकीवर सूत्रधार, दुसरी रिकामी. मधे चार-पाच नट, मागे एक वादक, बाजूला रंगीत कापडाचे तुकडे. लिहिलेलं नाटक नसतं. प्रेक्षकांमधून कुणी उठून रिकाम्या खुर्चीत बसतं आणि आपल्यावर आलेला प्रसंग सांगतं. सूत्रधार मोजके प्रश्न विचारते: कुठे घडलं, आणखी कोण होतं, तो माणूस कसा होता. ‘मी’ कोण होणार ते सांगणाराच नटांमधून निवडतो. मग सूत्रधार म्हणते, ‘बघू या’. आपसात एक शब्द न बोलता नट तो प्रसंग उभा करतात. संपल्यावर सगळे वळून सांगणाऱ्याकडे पाहतात. शेवटचा शब्द त्याचा. झालं ते बरोबर होतं का, काही राहिलं का, हे तो सांगतो आणि उठून परत आपल्या जागी जातो.

यात एक गोष्ट फार नेमकेपणाने साधली आहे. सांगणाऱ्याला अभिनय करावा लागत नाही. त्याने दुःख पुन्हा भोगून दाखवायचं नसतं. तो बाजूला बसून ते पाहतो. आणि गाव त्याला पाहताना पाहतो.

विदर्भातल्या एका गावी समाजमंदिरात बचत गटांच्या बायकांसाठी असा एक प्रयोग झाला, तो मी मागच्या भिंतीला टेकून पाहिला. सूत्रधार जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या शिक्षिका होत्या, नट कॉलेजची मुलं-मुली. सुरुवातीला कुणी पुढे येईना. मग एकीने हरवलेल्या शेळीचं सांगितलं, एकीने लेकीच्या परीक्षेच्या दिवशी एसटी न आल्याचं. हशा पिकला, वातावरण सैल झालं. तेव्हा तिशी ओलांडलेली एक बाई उठली. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. तिने आत्महत्येबद्दल काहीच सांगितलं नाही. संक्रांतीचं सांगितलं. शेजारीण हळदीकुंकवाचं ताट घेऊन घरी आली. ओसरीवर जाऊ होती, नणंद होती, ही होती. दोघींना हळद लागली आणि ताट पुढे गेलं. सूत्रधार बाईंनी विचारलं, ‘मग तुम्ही काय केलंत?’ ती म्हणाली, ‘ताई, तिले अवघड वाटू नये म्हून मीच आत गेली.’

मुलांनी प्रसंग उभा केला. पिवळ्या कापडाची घडी म्हणजे ताट. शेजारीण झालेली मुलगी दोघींना हळद लावून पुढे सरकली आणि तिसरीसमोर तिचा हात मध्येच थांबला. सांगितलेल्या गोष्टीत हे नव्हतं, तिला तिथे सुचलं असावं. बोट हवेत, ना पुढे ना मागे. बराच वेळ. मग तिसरी उठून आत गेली. सूत्रधार बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘असंच झालं होतं का?’ ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘नाई. ते थांबली नवती. पन थांबली असती तं बरं वाटलं असतं.’

ती शेजारीण तिसऱ्या रांगेत बसली होती. नाव कुणी घेतलं नव्हतं, पण गावात कुणाचं घर कुणाला लागून आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकीनेही मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्यात जी समज होती, तिचं मोल मला कुठल्याही टाळ्यांपेक्षा मोठं वाटतं. शेजारीण त्या संध्याकाळी काही बोलली नाही. पुढे काय झालं, पुढच्या संक्रांतीला ताट कुणीकडे गेलं, हे मला माहीत असण्याचं कारण नाही आणि ते जाणून घ्यायला मी परत गेलो नाही. तो त्या दोघींचा मामला आहे. मुद्दा असा की तिच्यावर आरोप झाला नाही, तिला गुन्हेगार ठरवलं गेलं नाही, तरी आता तिच्यासमोर एक शक्यता ठेवली गेली होती, आणि ती सगळ्यांच्या देखत. मुंबईच्या सभागृहात हाच प्रसंग सांगितला गेला असता तर पाचशे लोक गहिवरले असते. त्यांतल्या एकाच्याही हातात ते ताट नसतं.

याला एक मोठा आक्षेप आहे आणि तो हलक्याने घेऊन चालणार नाही. शहरातला श्रोता निघून जातो हीच सांगणाऱ्याची सुरक्षितता असते. गावात उद्या त्याच विहिरीवर जायचंय, त्याच दिराच्या संमतीने वारसाची नोंद व्हायचीय, त्याच पुढाऱ्याकडून घरकुलाच्या यादीत नाव यायचंय. ज्या बाईने चारचौघांत तोंड उघडलं, तिच्या चारित्र्याबद्दल पाराखाली काय बोललं जाईल हे सांगायला नको. हे धोके खरे आहेत. म्हणून कोणत्या गोष्टीपासून सुरुवात करायची, हे महत्त्वाचं ठरतं. त्या बाईने संक्रांत निवडली. जेवढं त्या रात्री त्या लोकांसमोर पेलवेल तेवढं तिने अचूक ओळखलं. बाहेरून आलेल्या, मोठ्या हेतूच्या माणसांना नेमकं हेच जमत नाही. त्यांना थेट दोरापाशी, कीटकनाशकाच्या डब्यापाशी पोचायचं असतं. सूत्रधाराला ‘आणखी खोल जाऊ या’ असं म्हणण्याचा मोह होत असेल, तर तिने ती खुर्ची सोडावी. फोनवर चित्रीकरण करायचं नाही, हा नियमही याच कारणासाठी हवा. समाजमंदिरात चाळीस जणींसमोर सांगितलेली गोष्ट त्या चाळीस जणींची असते. ती रात्रीतून व्हॉट्सॲपवर तालुकाभर फिरली, तर पुढच्या वेळी रिकाम्या खुर्चीत कुणी बसणार नाही.

दुसरं असं की सांगणाऱ्या नेहमी विधवाच का असाव्यात? दुःखाचं प्रदर्शन गरिबाने, बाईने, दलिताने मांडायचं आणि बाकीच्यांनी पाहायचं, ही वाटणीच मुळात वाईट आहे. गावातल्या पुरुषांना आपली गोष्ट सांगता येत नाही, आणि त्याची किंमत आपण किती भयंकर मोजली आहे. पारावर कापसाच्या भावावर तासन्‌तास चर्चा होते, सरकारला शिव्या घालून होतात, क्विंटलमागे काय सुटलं याचे हिशोब होतात. स्वतःच्या कर्जाचा आकडा कुणी काढत नाही. लेकीचं लग्न ठरत असताना दुसऱ्यांदा बँकेची नोटीस आली, त्या रात्री काय वाटलं, हे बायकोलाही सांगितलेलं नसतं. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. किसानपुत्र आंदोलनाचे कार्यकर्ते २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्याग करतात. गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट आपण चिठ्ठीतून किंवा पंचनाम्यातून वाचतो. तो जिवंत असताना, नोटीस खिशात असताना, ती रिकामी खुर्ची त्याच्या गावात होती का? एका प्रयोगाने जीव वाचतो असा दावा मी करणार नाही. कर्जाचं, भावाचं, पाण्याचं अर्थकारण नाटकाने बदलत नाही. पण ज्या गावात एका पुरुषाने उठून ‘मला झोप येत नाही’ असं सांगितलं आहे, त्या गावात दुसऱ्याला ते सांगणं थोडं सोपं जातं.

काही जाणकार विचारतात की यात कला कुठे आहे. हा प्रश्न मला फार वेळ अडवत नाही. थांबलेला तो हात ज्या मुलीला सुचला, तिच्याकडे कला होती.

खरी अडचण प्रयोग संपल्यानंतर सुरू होते. ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ स्त्रीमुक्ती संघटनेने १९८३ मध्ये रंगमंचावर आणलं आणि गावोगाव नेलं. ते कुणा एकीचं आत्मकथन नव्हतं, पण प्रयोगानंतर बायका येऊन आपलं सांगू लागल्या. त्यांना नुसतं जवळ घेऊन चालणार नव्हतं. संघटनेने पुढे कुटुंब सल्ला केंद्रं काढली, तिथे खटल्यांपासून समेटापर्यंतचं रोजचं, कंटाळवाणं, चिकाटीचं काम सुरू झालं. त्याच दशकातलं दुसरं उदाहरण शेतकरी संघटनेचं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं विराट अधिवेशन भरलं. त्याआधीच्या शिबिरांत कष्टकरी बायका आपलं जगणं स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्याने आपणहून जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा. अनेक गावांनी तसं केलं, आणि पुढे राज्य सरकारने सातबारावर पत्नीचं नाव लावण्याची योजनाही काढली. बायका बोलल्या, पुरुषांनी ऐकलं, आणि तलाठ्याच्या दप्तरात नोंद झाली. असा पूर्ण प्रवास आपल्याच मातीत झालेला आहे, तरी आज वैयक्तिक गोष्टींच्या मंचाबद्दल बोलताना त्याची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कारण काम अजून बरंच बाकी आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. नवऱ्याने कसलेल्या जमिनीवर ४० टक्के जणींना हक्क मिळालेला नव्हता. हा आकडा विधानसभेत मांडता येतो, अग्रलेखात छापता येतो. पण जमिनीचा निकाल लागतो तो गावात, भाऊबंदांच्या बैठकीत, ‘पोराचं शिक्षण आम्ही बघू, तुला कशाला हवं शेत’ या वाक्याने. त्या बैठकीत जे बसतात, त्यांच्यासमोर ही गोष्ट कधी आली आहे का?

गावाला सामूहिकपणे काही ठरवता येतं, हेही आपण पाहिलं आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं यापुढे नाही. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव आवश्यक होता आणि तो करणाऱ्यांचं कर्तृत्व मोठं आहे. पण परिपत्रक वाचून केलेल्या ठरावात आणि शेजारणीचं ऐकून केलेल्या ठरावात फरक पडतो. पहिला रजिस्टरमध्ये राहतो. दुसऱ्याला ताट धरलेला हात आठवत असतो.

ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्या घेऊन उरकली जाते. माझी मागणी साधी आहे: ती सभा ठरलेल्या दिवशी, समाजमंदिरात, दिवे लावून, रिकामी खुर्ची ठेवून भरवावी. नट बाहेरून आणायचे तर आधी आठवडाभर येऊन राहावेत, नंतर गावातलीच पोरं तयार करावीत; अंगणवाडीच्या आणि शाळेच्या बायांमध्ये सूत्रधार होण्याची उपजत ताकद असते. काय सांगायचं ते सांगणारीने ठरवावं. जे तिने सांगितलं त्यातून कोणतं काम निघतं, वारसनोंद की पेन्शन की पोराची फी, हे तिलाच विचारावं आणि तिला चालणार असेल तरच ते दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घालावं. वर्षभराने त्याचं काय झालं, हे त्याच जागी पुन्हा विचारलं जावं. आणि पुरुषांनाही एक संध्याकाळ त्या खुर्चीसमोर बसवावं. त्या दिवशी पुढची रांग प्रमुख पाहुण्यांसाठी राखू नये. तिथे तलाठ्याला बोलवावं, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला बोलवावं, पोलीस पाटलाला बोलवावं, आणि दिराला तर घरी जाऊन आमंत्रण द्यावं.